सिनान अंतून वाचायला घेताना : आधी कोणती कादंबरी?

दोन पुस्तकं समोर आहेत आणि वेळ किंवा पैसे एकापुरतेच आहेत, असं धरून हे लिहितो आहे. इराकी लेखक सिनान अंतून यांची 'द कॉर्प्स वॉशर' आणि 'द बुक ऑफ कोलॅटरल डॅमेज'. दोन्ही कादंबऱ्या मुळात अरबी आहेत, दोन्हींचं इंग्रजी येल युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं आहे आणि दोन्हींत २००३ सालच्या अमेरिकी चढाईतलं बगदाद आहे. तरीही एक वाचून दुसरीचं काम भागत नाही.

लेखकाबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण निवडीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सिनान अंतून यांचा जन्म १९६७ मध्ये बगदादला झाला. वडील इराकी ख्रिस्ती, आई अमेरिकन. बगदाद विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्य शिकलं आणि १९९१च्या आखाती युद्धानंतर देश सोडला. पुढे जॉर्जटाउन, मग हार्वर्डला जुन्या अरबी कवितेवर पीएचडी, आणि २००५पासून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत अध्यापन. सद्दामच्या राजवटीला त्यांचा विरोध होता आणि अमेरिकेच्या चढाईलाही होता. ज्या देशाच्या विमानांनी आपलं शहर भाजून काढलं, त्याच देशातल्या तरुण मुलांना रोज वर्गात शिकवायचं आणि रात्री घरी येऊन त्या शहराबद्दल आपल्या भाषेत लिहायचं, असं त्यांचं आयुष्य आहे. या दोनपैकी पहिल्या कादंबरीत हे आयुष्य कुठेच दिसत नाही. दुसरी तर त्याच्याच पायावर उभी आहे.

'द कॉर्प्स वॉशर' अरबीत २०१० साली आली. मूळ नावाचा अर्थ साधारण 'एकटं डाळिंबाचं झाड' असा होतो. जवाद हा काझिमिया भागातल्या एका शिया कुटुंबातला मुलगा. मय्यतीला गुस्ल देणं, म्हणजे दफनाआधी विधिपूर्वक अंघोळ घालणं, हा त्यांचा पिढीजात धंदा. जवादला मात्र शिल्पकार व्हायचं आहे. तो कला अकादमीत जातो, शिल्पकार जाकोमेत्तीच्या काडीसारख्या माणसांवर जीव टाकतो. थोरला भाऊ इराणविरुद्धच्या लढाईत गेलेला आहे. मग आर्थिक निर्बंधांची वर्षं येतात, मग २००३. शेवटी पोटासाठी त्याला वडिलांचीच जागा घ्यावी लागते. बोरीच्या जातीच्या झाडाचा पाला कुटून घातलेलं पाणी, मग कापराचं पाणी, मग साधं पाणी, आधी उजवी बाजू, मग डावी, मग कफन. हा क्रम कादंबरीत इतक्यांदा येतो की वाचणाऱ्याच्या हातालाही सवय होते. आणि मग ज्या दिवशी समोर अख्खं शरीरच येत नाही, त्या दिवशी हा क्रम कसा पाळायचा, हा प्रश्न जवादइतकाच आपल्यालाही पडतो. अंगावरून वाहिलेलं पाणी बाहेरच्या डाळिंबाच्या मुळाशी जातं. त्या झाडाची फळं खाताना जवादचा हात का थांबतो, हे लेखकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कापूर आणि बोर हे आपल्या ओळखीचे शब्द आहेत, म्हणून मराठी वाचकाला हे पुस्तक लांबचं वाटत नाही. अरबी संस्कृतीची आगाऊ तयारीही लागत नाही. जेमतेम दोनशे पानं, छोटी छोटी प्रकरणं. मध्ये मध्ये जवादची दुःस्वप्नं येतात. आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते : ख्रिस्ती घरात वाढलेल्या लेखकाने शिया विधीत इतक्या आदराने पाऊल टाकलं आहे, तेही अशा काळात, जेव्हा बगदादमध्ये नावावरून माणसं मारली जात होती.

इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतःच केला आणि त्याला अरबीतून इंग्रजीत केलेल्या अनुवादासाठीचा २०१४ चा सैफ घोबाश-बनिपाल पुरस्कार मिळाला. तो कुठे अडखळत नाही. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांच्या गद्याचाही त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला आहे, तोच कान इथे कामाला आलेला जाणवतो.

दुसरं पुस्तक याच्या उलट वागतं. अरबी नाव 'फिहरिस', साल २०१६. इंग्रजी अनुवाद जोनाथन राइट यांचा, २०१९ चा. जुन्या मराठी दफ्तरांतला 'फेरिस्त' याच कुळातला, म्हणजे यादी. नमीर हा हार्वर्डला पीएचडी करणारा इराकी तरुण. २००३ मध्ये माहितीपट करणाऱ्या एका चमूला मदत करायला तो बगदादला जातो. अंतून स्वतःही त्या वर्षी असेच गेले होते, 'अबाउट बगदाद' या माहितीपटासाठी. तिथे पुस्तकांच्या मुतनब्बी रस्त्यावर नमीरला वदूद नावाचा पुस्तकविक्रेता भेटतो. वदूद एक यादी करतो आहे. युद्धाने जे जे नाहीसं केलं त्या सगळ्याची : माणसं, घरं, हस्तलिखितं, झाडं, पाखरं. आणि तीही युद्धाच्या फक्त पहिल्या मिनिटाची. दहाव्या शतकात बगदादमध्येच इब्न अन-नदीम नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने आपल्याला ठाऊक असलेल्या सगळ्या ग्रंथांची 'फिहरिस्त' केली होती. तेव्हा तिथल्या पुस्तकविक्रेत्यापुढे असलेल्या गोष्टींची यादी करण्याचं काम होतं. हजार वर्षांनी वदूद नसलेल्या गोष्टींची करतो आहे.

ती वही नमीरकडे येते आणि तो अमेरिकेत परततो. पुढचं बरंचसं पुस्तक म्हणजे शिकवणं, भाड्याची घरं, प्रेम, झोप न येणं आणि मधूनमधून त्या वहीतल्या नोंदी. नोंदींमध्ये वस्तू स्वतः बोलतात. एक झाड आपला जन्म सांगतं, एक गालिचा आपण कुणाच्या हातांनी विणला गेलो ते सांगतो, आणि मग ते मिनिट येतं. या नोंदी मला अंतून यांच्या सगळ्या लेखनात सर्वांत जास्त भावल्या. नमीरची विद्यापीठातली पानं मात्र काही ठिकाणी रेंगाळतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रेंगाळणं हाच त्या आयुष्याचा स्वभाव आहे. परदेशात सुरक्षित बसून रोज सकाळी गावाकडच्या मृतांचे आकडे वाचणारा माणूस पुढे जाऊ शकत नाही, मागेही जाऊ शकत नाही. तीनशेच्या आसपास पानांत हे सोसायची तयारी हवी.

मग कोणती घ्यावी? बहुतेकांनी 'द कॉर्प्स वॉशर' घ्यावी, आणि त्यात माझ्या मनात शंका नाही. युद्ध म्हणजे काय, हे तिथे माणसाच्या अंगाला हात लावून कळतं, मध्ये कुणी सांगणारा नसतो. वाचनगटासाठी पुस्तक निवडत असाल तरी हीच. चर्चेला आलेल्या प्रत्येकाने घरातलं मरण पाहिलेलं असतं, त्यामुळे बोलायला कुणी अडत नाही.

पण तुम्ही स्वतः परदेशात शिकवत असाल, संशोधन करत असाल, मराठीत लिहीत असाल आणि लिहिताना 'मी इथे, ते तिथे' हा काटा टोचत असेल, तर क्रम उलटा करा. 'फिहरिस'मध्ये तुमचाच प्रश्न आहे : जो तिथे नव्हता त्याने तिथलं लिहावं का, आणि कुणाच्या वहीवरून? नमीरला वदूदची यादी मिळते, पण ती आपली म्हणून वापरायचा हक्क मिळतो का, या गाठीभोवती कादंबरी फिरत राहते.

एक तिसरी वाटही आहे, 'इजाम'. आकाराने सर्वांत लहान, सद्दामच्या तुरुंगातली. एका कैदी विद्यार्थ्याने अक्षरांवर नुक्ते, म्हणजे टिंबं, न देता लिहिलेली पानं सापडतात आणि एका सरकारी माणसाला ते नुक्ते भरायला सांगतात. नुक्ता नसला की अरबीत एका शब्दाचे दोन-तीन शब्द होतात. मोडी वाचलेल्यांना यातली गंमत आणि भीती दोन्ही लगेच कळतील. पण अमेरिकेची चढाई आणि परदेशातलं जगणं यासाठी आला असाल, तर ती नंतर.

आपल्याकडच्या काही घरांत इराक हे नाव परकं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या एप्रिलमध्ये, इराकमधल्या कुतला ब्रिटिशांची जी फौज तुर्कांना शरण गेली ती सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणत. बगदादच्या वाटेवर अडकलेली ती माणसंही कुणाच्या तरी यादीत असायला हवी होती, असं 'फिहरिस' वाचताना मला सारखं वाटत राहिलं.

दुसरं पुस्तक घेतलंत तर एवढं करा : वदूदच्या नोंदी एका बैठकीत संपवू नका. नमीरसुद्धा ती वही एका रात्रीत वाचत नाही. एक नोंद, मग पुस्तक मिटून ठेवा. गालिच्याची नोंद तर दिवसाउजेडी वाचा.