टायरमध्ये नायट्रोजन की साधी हवा?

साध्या हवेत मुळातच सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे तुलना खरी उरलेल्या भागाची: ऑक्सिजन आणि बाष्प.

ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून नायट्रोजन भरलेल्या टायरचा दाब जास्त दिवस टिकतो. पण किती? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने 30 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाने भरलेले टायर वर्षभर ठेवून पाहिले. हवेचे सरासरी 3.5 पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे 2.2 ने. वर्षभरात फरक जेमतेम सव्वा पीएसआयचा! शिवाय व्हॉल्व्ह गळका असेल किंवा खिळा घुसला असेल, तर दोन्ही सारखेच उतरणार.

‘नायट्रोजन तापत नाही’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. तापमानाबरोबर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. नायट्रोजनमध्ये बाष्प नसतं, त्या कोरडेपणाचा फायदा मात्र खरा आहे. विमानांना नायट्रोजन लागतो, कारण तिथे ऑक्सिजनमुळे आगीचा धोका आणि बाष्प गोठण्याची अडचण असते. रोजच्या गाडीला यातलं काही नाही.

फुकट मिळाला तर जरूर भरा, नंतर वर साधी हवा भरली तरी बिघडत नाही. पैसे मोजायचे असतील, तर मी चांगला प्रेशर गेज घेईन आणि दर महिन्याला टायर थंड असताना दाब तपासेन.