उत्पादन नियोजनासाठी सिम्युलेशन सेवा: रबाळ्यातील आठ महिन्यांचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात विजेच्या पॅनेलांसाठी पत्र्याचे बॉक्स तयार होतात. रोजचे नियोजन पूर्वी एक्सेल आणि सुपरवायझरच्या अंदाजावर चालत असे. आता त्यासाठी एका संस्थेची सिम्युलेशन सेवा घेतली आहे. पंचिंगपासून पावडर कोटिंग आणि जुळणीपर्यंतचे सारे टप्पे संगणकात उभे केलेले आहेत. सकाळी जॉब भरले की यंत्रांचे ब्रेकडाउन आणि कामाच्या वेळेतील चढउतार धरून तोच दिवस दोनशे वेळा चालवला जातो आणि कोणता माल संध्याकाळच्या टेम्पोत चढण्याची शक्यता किती, हे समोर येते.

एक्सेलमध्ये आम्ही सरासरी वेळा धरत होतो, पण रांग लागते ती चढउतारामुळे. कामे अनियमितपणे येत असतील, तर पावडर कोटिंग भाजून पक्के करणाऱ्या ओव्हनवरचा भार ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर नेल्यास ओव्हनसमोरच्या रांगेतील प्रतीक्षा साधारण पावणेपाच पट होते. ओव्हन क्षणभरही रिकामा दिसू नये, असा आग्रह धरणाऱ्या आमच्या मालकांना हे पटले ते पडद्यावर रांग वाढताना पाहिल्यावरच.

पहिला महिनाभर अंदाज रोज चुकत होता, आणि त्यात दोष आमचाच होता. जॉब कार्डावर प्रेस ब्रेकचा, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या यंत्राचा, सेटअप (नव्या जॉबआधीची तयारी) १५ मिनिटांचा लिहिलेला होता. स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो तेव्हा तो ३८ मिनिटांचा निघाला, कारण डाय बदलून झाल्यावरही ऑपरेटर पहिला पीस हातात घेऊन इन्स्पेक्टरची वाट पाहत थांबलेला असे. खरा आकडा भरला, इन्स्पेक्टरचे टेबल प्रेस ब्रेकशेजारी आणले, आणि त्यानंतर अंदाज व प्रत्यक्ष डिस्पॅच बऱ्यापैकी जुळू लागले. कोटिंगमध्ये फिक्या रंगांकडून गडद रंगांकडे जाण्याचा क्रमही आम्ही आधी मॉडेलमध्ये तपासून मगच लावला.

तक्रारी मात्र आहेत. आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरशी जोडणी न झाल्याने रोज सकाळी अर्धा-पाऊण तास हाताने माहिती भरण्यात जातो. नवीन वेल्डिंग यंत्र आले तेव्हा मॉडेलमधील बदलाचे वेगळे पैसे आकारले गेले, शिवाय तीन आठवडे लागले. तेवढे दिवस सुपरवायझरचाच अंदाज कामी आला. त्रिमितीय चित्रण भेटीला आलेल्या ग्राहकांना आवडते, मी ते बंदच ठेवतो.

एकच उत्पादन सलग काढणाऱ्या छोट्या कारखान्याने हा खर्च करू नये. आमच्याकडे रोज वीस-पंचवीस प्रकारचे जॉब असतात, म्हणून आम्ही सेवा आणखी वर्षभर घेतली. मात्र मॉडेलमध्ये बदल करण्याचे काम आमच्या प्लॅनरला शिकवले जाईल, ही अट या वेळी करारात लिहून घेतली आहे.