दोहा 2022 की पॅरिस 2024: पाहुणचाराच्या दोन तऱ्हा

लग्नघर लहान असेल तर शेजाऱ्यांच्या खोल्या मागून घ्याव्या लागतात. कतारने फुटबॉल विश्वचषकासाठी तेच केलं. हॉटेलं पुरणार नाहीत हे दिसताच दोहाच्या बंदरात क्रूझ जहाजं आणून उभी केली, वाळवंटात कंटेनरच्या खोल्या मांडल्या (रात्रीचं भाडं सुमारे 200 डॉलर, म्हणजे स्वस्त मुळीच नाही), आणि दुबई-मस्कतहून सामन्यापुरती ये-जा करणारी विमानं सोडली. आठही स्टेडियम जवळजवळ, त्यामुळे एका दिवसात दोन सामने बघता येत.

ऑलिंपिक भरवणाऱ्या पॅरिसची अडचण उलटी. खोल्या भरपूर, पण नेहमीचा पर्यटक गर्दीला आणि महागाईला बिचकून येईना. हॉटेलवाल्यांनी आधी दर चढवले, मग उतरवले. मेट्रोचं तिकीट 2.15 युरोवरून थेट 4 युरो! नवं बांधकाम मात्र कमी. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी बीच व्हॉलीबॉल ठेवला, म्हणजे प्रत्येक सामना शहराची फुकट जाहिरात. पण सगळं पॅरिसात नव्हतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं ते दूरच्या शातोरू गावात. पॅरिसात खोली घेऊन बसलेल्याला तिथे जायला लांबचा प्रवास.

प्रेक्षक म्हणून मला दोहा सोयीचं वाटतं. पर्यटन-व्यावसायिक असतो तर पॅरिस निवडलं असतं: जहाजं निघून जातात, आयफेलपुढचे फोटो फिरत राहतात.