तेरावा मजला गाळावा का? आणि चौथं मॉडेल?

एक जण इमारत बांधतोय आणि लिफ्टच्या पॅनेलची ऑर्डर देण्याआधी त्याला ठरवायचंय की १२ च्या बटणानंतर १३ चं बटण घ्यायचं की अशुभ मानला जाणारा तो आकडा गाळून थेट १४ चं. दुसऱ्याची वस्तू तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचलीय आणि पुढचीला ४ म्हणावं की थेट ५, कारण चिनी लोक ४ अशुभ मानतात, यावर बैठकांमागून बैठका चालल्यात. दोघांचा पेच एकच दिसतो, पण मला तो एक वाटत नाही. मजल्याचा आकडा ही मोजणी असते, मॉडेलचा आकडा हे नुसतं नाव. नाव बदललं तर फारसं कुणाचं अडत नाही. मोजणी बदलली तर केव्हा ना केव्हा कुणीतरी भलत्याच दारापाशी जाऊन उभा राहतो.

आधी इमारत. इथे तीन वाटा आहेत: आकडा ठेवायचा, गाळायचा, किंवा त्याला वेष बदलून बसवायचा.

गाळायची सवय लागली की कुठवर जाते ते हाँगकाँगमधल्या ३९ कंड्यूट रोड या इमारतीत दिसतं. चिनी भाषेत चार आणि मृत्यू यांचे उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून तिथे १४, २४, ३४ नाहीत. ४० ते ५९ हा अख्खा पट्टाच नाही. ६८ च्या वर एकदम ८८, कारण आठ म्हणजे भरभराट. एकूण ४२ आकडे गायब. म्हणजे अठ्ठ्याऐंशीव्या मजल्यावर राहणारा माणूस प्रत्यक्षात सेहेचाळिसाव्यावर झोपतो.

हे हसून सोडून देता येईल, पण आग लागल्यावर नाही. समजा एका इमारतीत ४, १३, १४ आणि २४ गाळलेत. फोन येतो, ‘तिसाव्या मजल्यावर धूर आहे.’ अग्निशमन दलाचा जवान खाली उभा राहून खिडक्यांच्या रांगा मोजतो आणि तिसावी रांग शोधतो. धूर मात्र सव्विसाव्या रांगेत असतो. याच काळजीपोटी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१५ मध्ये नव्या इमारतींना मजल्यांचे आकडे गाळायला मनाई केली.

वेषांतराची वाट यापेक्षा बरी. १२ नंतर ‘१२ए’ आणि मग १४. काही ठिकाणी ‘एम’ लिहितात, कारण ते इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर. कोरियात चारऐवजी ‘एफ’ (इंग्रजी ‘फोर’चं पहिलं अक्षर) असं बटण सर्रास दिसतं. लक्षात घ्या, इथे चौदावा मजला खरोखर चौदावाच राहतो, वरची मोजणी सरकत नाही. फक्त ‘१२ए’ टाळा असं मी सांगेन. फोनवर ‘बारा ए’ ऐकणाऱ्याला बाराव्या मजल्यावरचा ए फ्लॅट वाटतो, आणि सामान घेऊन आलेला माणूस तिथली बेल वाजवतो. त्यापेक्षा ‘एम’ बरा.

पण मुळात १३ ठेवला तर नुकसान किती? २००७ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने अमेरिकेत विचारलं होतं की हॉटेलात तेराव्या मजल्यावर खोली मिळाली तर खटकेल का. खटकेल म्हणाले १३ टक्के (हा आकडा मी जुळवून आणलेला नाही!). हॉटेलवाल्याला त्यांची सोय वेगळ्या मजल्यावर करता येते, त्यामुळे त्याने गाळण्याची गरजच नाही. घरं विकणाऱ्याचं गणित वेगळं. व्हँकुव्हर भागातल्या घरविक्रीच्या एका अभ्यासात चारने संपणाऱ्या क्रमांकाची घरं सुमारे २.२ टक्के स्वस्त गेल्याचं आणि आठने संपणारी सुमारे २.५ टक्के महाग गेल्याचं आढळलं, पण ते चिनी वस्ती जास्त असलेल्या भागांतच. म्हणजे भाव पडतो तो आकड्यामुळे नाही, आसपासच्या गिऱ्हाइकांमुळे. तुमचं गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसेल तर आकडा सरळ ठेवा.

आता वस्तूचं नाव. इथे मी बिनदिक्कत म्हणतो, गाळा. वनप्लस या मोबाइल कंपनीने ३टी नंतर २०१७ मध्ये थेट ५ आणला, कुणाचं काही बिघडलं नाही. रेनोची १७ ही गाडी इटलीत १७७ म्हणून विकली गेली, कारण तिथे खरी धास्ती १७ ची: रोमन पद्धतीने लिहिलेल्या सतराची अक्षरं उलटसुलट केली की लॅटिनमध्ये ‘मी जगलो’, म्हणजे ‘आटोपलं माझं’, असा शब्द होतो. अल्फा रोमिओची १६४ हाँगकाँगकडे १६८ झाली. बाजार बदलला, पाटी बदलली, गाडी तीच.

अट एकच, वेळेत ठरवा. ब्रसेल्स एअरलाइन्सने २००६ मध्ये बोधचिन्ह जाहीर केलं, त्यात १३ ठिपके निघाले, प्रवाशांच्या तक्रारी आल्या आणि चौदावा ठिपका घालावा लागला. जाहीर झाल्यावरची दुरुस्ती खर्चिक, शिवाय जगभर चर्चा होते ती वेगळीच.

गाळलं नाही तर बुडालोच, असं मात्र समजू नका. शाओमी ही चिनी कंपनी, घरच्याच बाजारात तिने २०१४ मध्ये एमआय ४ हा फोन आणला. ॲपलनेही आयफोनच्या नावात ४ गाळला नाही आणि २०२१ मध्ये १३ सुद्धा नाही. उलट मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या अंतर्गत आवृत्तीत १२ नंतर १४ घेतला, जो फार तर एखाद्या फोल्डरच्या नावात दिसतो. त्याच्या पुढच्या आवृत्तीचं खोक्यावरचं नाव होतं ऑफिस २०१३, आणि त्याने कुणाचं काही अडल्याचं दिसलं नाही. शिवाय दिसलेली प्रत्येक फट अंधश्रद्धेचीच असते असंही नाही. कॅननच्या कॅमेऱ्यांच्या जी मालिकेत जी४ नाही तसा जी८ सुद्धा नाही, आणि आठ तर शुभ!

राहिला घर घेणारा. वर जाल तसा दर चढत असेल, तर सौद्याआधी एकदा जिन्याने चढा आणि मजले मोजत जा. दारावर १४ आणि तुमच्या मोजणीत तेरा आले, तर नसलेल्या मजल्याचे पैसे तुमच्याकडून मागितले जातायत. ते कमी करून घ्या.