रोजनिशी वहीत लिहावी, फोनला सांगावी, की आधी रेकॉर्ड करावी?

मागील पावसाळ्यापासून मी माझी रोजनिशी तीन प्रकारे ठेवून पाहिली आहे: वहीत पेनाने, फोनच्या कीबोर्डावरील माईकचे चिन्ह दाबून थेट मराठीत बोलून, आणि आधी रेकॉर्डिंग करून नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्याचा मजकूर करून घेऊन. मी लातूरचा आहे, घरी लातूरकडचीच मराठी बोलतो आणि नोकरीसाठी रोज एसटीने तालुक्याच्या गावी जा-ये करतो. यांपैकी काय निवडावे अशा विचारात जे असतील, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

सवयीपुरते पाहायचे झाल्यास खरी परीक्षा उत्साहाच्या दिवशी होत नाही. संध्याकाळची बस चुकली, घरी पोचायला साडेनऊ झाले आणि वीजही गेलेली आहे, अशा दिवशी होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. मात्र व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही आढळले. मला वहीचे एक पान भरायला वीस मिनिटे लागतात, तेवढाच मजकूर बोलायला चार मिनिटे पुरतात. दमलेल्या माणसाला हा फरक फार मोठा असतो. माझी वही दर खेपेला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मागे पडली, बोलणे मात्र टिकले. अर्थात एसटीत बोलून पाहण्याचा नाद कोणी करू नये. इंजिनाच्या आवाजात अर्धे शब्द हरवतात आणि शेजारचा प्रवासी उरलेले अर्धे ऐकतो.

खरी अडचण भाषेची आहे. थेट बोलून टंकताना मी प्रमाण मराठीत बोललो तर मजकूर बराचसा नीट उमटतो; पण दिवसभराचे मनातले सांगताना कोणी प्रमाण मराठीत बोलत नाही. ‘सकाळी मी मोंढ्याकडं (म्हणजे शेतमालाच्या बाजाराकडे) जायलो होतो’ असे मी म्हणालो, तर फोनवर ‘सकाळी मी मोठ्याकडे गेलो होतो’ असे आले. मोंढ्याचा मोठा झाला हे हसण्यावारी नेता येईल, परंतु ‘जायलो होतो’ म्हणजे जात होतो, आणि ‘गेलो होतो’ म्हणजे जाऊन आलो. वाटेतच काही घडले हे सांगण्यासाठी सुरू केलेले वाक्य त्यामुळे पायाशीच मोडते. ‘कामून’ (म्हणजे ‘का’) हा आपला रोजचा प्रश्न तर कधी ‘काम म्हणून’ होतो, कधी गायबच होतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. ऐकलेल्या आवाजाला जवळचा आणि शिकवणीच्या सामग्रीत वारंवार आलेला शब्द ही यंत्रे निवडतात, आणि त्या सामग्रीत आपल्याकडची बोली नावापुरतीच असते. ओपनएआय या कंपनीने २०२२ साली खुल्या केलेल्या व्हिस्पर या आवाजाचा मजकूर करणाऱ्या प्रणालीचे उदाहरण घ्यावे: त्याच्या शिकवणीतील ६,८०,००० तासांच्या आवाजापैकी इंग्रजीखेरीजच्या ९६ भाषांच्या थेट लेखनासाठी सर्व मिळून सुमारे १,१७,००० तास होते. त्यात मराठीचा वाटा किती आणि त्या वाट्यात उदगीर-देगलूरकडची मराठी किती असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

रेकॉर्डिंग करून नंतर मजकूर काढण्याच्या पद्धतीतही चुका याच होतात, पण तिथे मूळ आवाज हाताशी राहतो आणि शंका आली की ऐकून दुरुस्ती करता येते. माझ्या मते या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे. तिचा एक धोकाही आहे. रोजनिशी सांगताना माणूस थांबतो, आठवतो, उसासा टाकतो; आणि व्हिस्परच्या २०२४ मधील एका अमेरिकी तपासणीत सुमारे एक टक्का ध्वनिखंडांच्या मजकुरात कोणीही न उच्चारलेली वाक्ये आढळली, ज्याचा संबंध लांब विरामांशी दिसला. ती तपासणी इंग्रजी आवाजाची होती. तरीही दुसऱ्या कुणाचे वाक्य आपल्या रोजनिशीत आपले म्हणून राहावे, हे मला तरी चालणार नाही.

मजकूर ‘नीटनेटका करून’ देण्याची सोय बहुतेक साधनांत असते. ती बंद ठेवावी. माझ्या एका नोंदीतील ‘लई जीवावर आलं’ या शब्दांचे यंत्राने ‘मला थकवा जाणवला’ असे केले. व्याकरण सुधारले, पण नकोसे वाटणे आणि थकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या रात्री मी थकलेलो नव्हतो.

खाजगीपणाची चर्चा होते तेव्हा बहुधा दूरच्या सर्व्हरवर जाणाऱ्या आवाजाची होते, आणि ती योग्यच आहे. फोनवरच चालणारे, नेटशिवाय काम करणारे साधन मिळत असेल तर तेच घ्यावे. परंतु दोन खोल्यांच्या घरात, जिथे आई, मुले आणि पाहुणे एकाच वेळी असतात, तिथे मोठ्याने बोललेली रोजनिशी सर्व्हरच्या आधी घरच्यांपर्यंत पोचते. घरच्यांबद्दल काही सांगायचे असले की मी गच्चीवर जातो, आणि तिथेही आवाज खाली ठेवल्याने पुन्हा शब्द चुकतात. वही उशाखाली ठेवता येते, जरी ती कोणी वाचणार नाही याची हमी तिथेही नसतेच. अशा मजकुरासाठी वहीच बरी.

बोलल्याने लिहिण्याइतके मन हलके होते का, हा प्रश्न मला विचारला जातो. मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिरस्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आयुष्यातील वाईट अनुभव लिहिणाऱ्यांना आणि टेपरेकॉर्डरपुढे बोलणाऱ्यांना, नुसता मनात विचार करणाऱ्यांपेक्षा बरे वाटले. म्हणजे बोलणे दुय्यम समजण्याचे कारण नाही. मला फरक जाणवतो तो एवढाच की पेन चालताना वाक्याच्या मध्येच मत बदलते, बोलताना ते वाक्य संपून गेलेले असते.

खर्चाचा मुद्दा किरकोळ आहे, आणि जुनी नोंद शोधण्यात मजकूर वहीपेक्षा कितीतरी सोयीचा आहे, मात्र ‘मोंढा’ शोधताना ‘मोठा’ही शोधण्याची तयारी हवी.

ज्यांची वही वारंवार बंद पडली आहे, त्यांनी रेकॉर्डिंग आणि कच्चा मजकूर ही पद्धत घ्यावी. जे प्रमाण मराठीतच विचार करतात, त्यांना थेट बोलून टंकणेही पुरेल. दोघांनीही सुरुवातीला तारीख, वार आणि गाव मोठ्याने बोलून ठेवावे, कारण फोन बदलताना फाइलींची नक्कल होते आणि तेव्हा त्यांवरची तारीख बदलू शकते.