गावच्या नदीवर वीजघर: साठवण धरण, वळवणीचा बंधारा की छपरावरची सौर?

कोकणातल्या एखाद्या गावाला लहान जलविद्युत योजनेचा प्रस्ताव आला की चर्चा बहुतेक वेळा धरणाची उंची आणि जमिनीचा मोबदला इथेच अडकते. मी त्याआधी एक गोष्ट विचारेन: ही वीज फेब्रुवारी ते मे हवी आहे का? हवी असेल तर पाणी साठवावं लागणार, आणि नदीचं खरं नुकसान त्या साठवणीत आहे. जून ते डिसेंबर मिळाली तरी चालणार असेल, तर त्याच नदीतून खूप कमी इजा करून वीज काढता येते.

असं का, ते आपल्या पावसात आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेली नदी पुरते साठ-सत्तर किलोमीटर धावते न धावते तोच खाडीला लागते. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, जांभा; त्यात मुरलेलं पाणी झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येतं, त्यावर पऱ्या (ओढा) दिवाळीनंतरही काही काळ वाहतो. शिमग्यापर्यंत बहुतेक ठिकाणी उरतात ते डोह आणि कोंडी.

यावर कोणीतरी हमखास वाशिष्ठीकडे बोट दाखवतं. भर मे महिन्यात चिपळूणला नदी वाहते ना! वाहते, पण ते पाणी तिचं नव्हे. कोयनेचं पाणी घाटाखाली पोफळी, अलोऱ्याच्या वीजघरांत उतरतं आणि वीज करून झाल्यावर अवजल म्हणून वाशिष्ठीत येतं. घाटावरचं आख्खं खोरं अडवून, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी पश्चिमेला वळवून केलेली ही सोय आहे. तुमच्या पऱ्याला असा श्रीमंत शेजारी नाही.

साठवण धरण: आधी वहीत गणित मांडा

सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले किती मीटर उंचीवरून, गुणिले साधारण ७; येईल तितके किलोवॉट. यंत्रातली आणि नळातली तूट या सातात धरलेली आहे. गावाला १०० किलोवॉट हवेत आणि ३० मीटर उंची मिळतेय असं धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर, ५०० लिटर पाणी सतत लागेल. ऑक्टोबर ते मे, २४० दिवस ते पुरवायचं तर साठा एक कोटी घनमीटरच्या वर जातो. टीएमसीत सांगायचं तर एक तृतीयांशाहून थोडा अधिक. तलावाची सरासरी खोली दहा मीटर धरली, तर शंभर हेक्टरहून जास्त, म्हणजे अडीचशे एकर जमीन पाण्याखाली. बाष्पीभवन आणि जांभ्यातली गळती मी यात धरलेलीच नाही.

ही अडीचशे एकर कुठली असेल, याचा विचार करा. कातळसडा वर राहतो, तो बुडत नाही. बुडतो तो दरीचा तळ: मळे, वायंगणी भाताची शेती, पाटाच्या पाण्यावरची सुपारीची बाग, नदीकाठची राई आणि बहुधा एखादी वाडी. कोकणात सपाट जमीन मुळातच हाताच्या पंजाएवढी, आणि धरणाला नेमकी तीच लागते.

आता दुसरी बाजू. १०० किलोवॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला २४०० युनिट. छपरावरची एक किलोवॉट सौर यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते. तेवढ्याच विजेला ६०० किलोवॉट सौर लागेल, आणि किलोवॉटला दहा चौरस मीटर धरले तर जागा दीड एकर, तीही घरांच्या, शाळेच्या, आंब्याच्या पॅकिंग शेडच्या छपरांवर विखुरलेली. रात्रीसाठी बॅटरी किंवा महावितरणची जोडणी लागेल, हा खर्च खरा आहे. पावसाळ्यात सौर वीज बरीच घटते, हेही खरं. पण साठवण धरण ज्या महिन्यांसाठी पाणी अडवून धरतं, त्याच महिन्यांत आपल्याकडे ऊन तळपत असतं. उन्हाळ्याच्या विजेसाठी दरी बुडवणं मला तरी पटत नाही.

मासे हा विषय सभेत निघाला की लोक हसतात. हसू नये. पहिल्या पावसाला चढणीचे मासे पकडायला सगळी वाडी पऱ्यावर उतरते. ते मासे वर जातात ते अंडी घालायला. धरणाची भिंत आली की ती वाट बंद. अहीर हा सापासारखा लांब मासा उलट प्रवास करतो: वाढतो गोड्या पाण्यात, प्रजननाला समुद्रात जातो, आणि त्याची पिल्लं खाडीतून पुन्हा नदीत चढतात. कोळंबीच्या काही जातीही गोडं पाणी आणि खाडी यांच्यात ये-जा करतात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड इथे देवीच्या नावाने खवल्या माशांचे थवे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेलेत. अशा कोंडीचं सगळं अस्तित्व उन्हाळ्यातल्या थोड्याशा पाण्यावर असतं. वरच्या अंगाला पाणी अडलं की सर्वांत आधी भोगतात ते हे डोह.

मग खाडी. नदीचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी यांच्यात एक रेटारेटी चालू असते. वरून येणारं पाणी कमी झालं की खारं पाणी आत सरकतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. तिसऱ्या-कालवांसारखे शिंपले, कांदळवन हे सगळं त्या तोलावर आणि नदीने आणलेल्या गाळावर जगतं. धरण तो गाळ तलावातच ठेवून घेतं. म्हणजे वरच्या गावाच्या विजेची किंमत खालचं गाव मोजतं, आणि खालच्या गावाला ग्रामसभेत कोणी बोलावलेलंही नसतं.

पाणविजेला धूर नाही म्हणून ती स्वच्छ, हेही अर्धंच खरं. झाडं-झुडपं न काढता दरी बुडवली की ती तळाशी कुजतात आणि मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. उष्ण प्रदेशातल्या उथळ तलावांत हे जास्त होतं, आणि पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त.

धरण फुटण्याचा विषय टाळू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली, माणसं गेली. ते मातीचं, लहान धरण होतं. लहान धरण म्हणजे लहान धोका असं समीकरण आपल्या पावसात चालत नाही. रोजची देखभाल, सांडव्याची साफसफाई, भिंतीतल्या गळतीची नोंद हे पुढची पन्नास वर्षं कोण करणार, याचं नाव प्रस्तावात लिहिलेलं हवं.

धरणाच्या बाजूने एक गोष्ट खरोखर भक्कम आहे: पिण्याचं पाणी. एप्रिलमध्ये टँकर लागणाऱ्या गावाला तलाव ही मोठी गोष्ट. पण मग पाणीयोजना म्हणूनच तिचा विचार करा. पाणीयोजनेला लागणारा साठा विजेच्या साठ्यापेक्षा कितीतरी लहान असतो. शिवाय वीजघराला पाणी सोडायचं असतं आणि नळयोजनेला ते राखायचं असतं. मार्चनंतर या दोघांचं भांडण ठरलेलं.

वळवणीचा बंधारा: वाहतं पाणी, पण कुठून कुठे?

यात मोठा तलाव नाही. नदीवर ठेंगणा बंधारा, तिथून डोंगराच्या कडेने पाट किंवा नळ, मग उतारावर दाबनळ आणि खाली वीजघर. पाणी वापरून झालं की परत नदीत. बुडीत क्षेत्र जवळजवळ नाही, पुनर्वसन नाही. कागदावर ही योजना निरुपद्रवी दिसते, आणि ठेकेदारही ती तशीच दाखवतात.

इजा आहे ती बंधारा आणि वीजघर यांच्यामधल्या पट्ट्यात. हा पट्टा एक-दोन किलोमीटरचा असू शकतो. पावसात नदीला एवढं पाणी असतं की टर्बाइनने त्यातलं थोडं उचललं तर कळतही नाही. नोव्हेंबरनंतर मात्र मशीनची भूक तेवढीच राहते आणि नदी आटत जाते. कोणी रोखलं नाही तर सगळं पाणी नळात जातं आणि मधली नदी कोरडी पडते. नेमके डोह आणि पाणवठे याच पट्ट्यात असले तर गुरांना, माशांना, कपडे धुणाऱ्या बायकांना काहीच उरत नाही.

उपाय अवघड नाही, कडक आहे. बंधाऱ्याच्या तळाशी एक कायम उघडं छिद्र ठेवायचं, त्याला झडप बसवायचीच नाही. आधी नदीचा वाटा त्यातून जाईल, त्यावरचं पाणी नळाला. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की मशीन आपोआप बंद. हे ज्या प्रस्तावात आहे तो प्रस्ताव माझ्या मते विचार करण्याजोगा. 'किमान प्रवाह राखला जाईल' एवढं एक मोघम वाक्य असेल तर तो परत पाठवा.

माशांसाठी बंधाऱ्याच्या एका बाजूला खडबडीत दगडांचा सौम्य उतार ठेवता येतो. ओल्या खडबडीत पृष्ठभागावरून अहिराची पिल्लंसुद्धा चढतात. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात सर्वांत संवेदनशील पट्ट्यात मोठ्या साठवण धरणांना नकार दिला होता. मात्र स्थानिक गरजेसाठी, ग्रामसभेच्या संमतीने, तीन मीटरपर्यंत उंचीच्या वाहत्या पाण्यावरच्या योजनांना वाव ठेवला होता. ती शिफारस कायदा झाली नाही. तरी तीन मीटर ही मर्यादा हाताशी धरून ठेवण्याजोगी आहे.

पाटाकडे मात्र बारकाईने बघा. डोंगराच्या कुशीत पाट खणायचा म्हणजे उतार कापायचा, आणि त्यातून झिरपणारं पाणी त्याच उतारात मुरवायचं. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते आठवत असेल, तर उघड्या पाटाऐवजी बंद नळाचा आग्रह धरा. खर्च वाढला तरी. पावसाळ्यात पातेरा (पालापाचोळा) आणि दगडगोटे येऊन जाळी तुंबते, ती रोज काढायला माणूस लागतो. भर पावसात, रात्रीसुद्धा. याचा पगार कोणाच्या खिशातून जाणार?

जवळ पाटबंधाऱ्याचं धरण असेल तर

आधीच बांधलेलं पाटबंधाऱ्याचं धरण जवळ असेल आणि त्यातून कालव्याला पाणी सुटतच असेल, तर त्या पाण्यावर टर्बाइन बसवणं हा सर्वांत कमी उपद्रवाचा मार्ग. जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या पायथ्याचं १५ मेगावॉटचं वीजघर याच जातीचं. एक अट: पाणी शेतीच्या वेळापत्रकाने सुटलं पाहिजे, विजेच्या मागणीने नको. रायगडमधली कुंडलिका नदी बघा. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी चढते, थांबलं की उतरते. कोलाडचं राफ्टिंग त्या वेळापत्रकावरच चालतं. पर्यटकांची मजा होते, पण काठावरच्या जिवांना रोज पूर आणि रोज दुष्काळ. लहान नदीत असा अचानक विसर्ग पोहणाऱ्या पोरांच्या जिवावर बेतू शकतो.

व्हाळावरचं छोटं जनित्र

व्हाळाच्या, म्हणजे लहान ओहोळाच्या पाण्यावर चालणारं, एक-दोन घरांपुरतं, किलोवॉटभराचं यंत्र. कर्नाटकच्या मलनाडात अशी यंत्रं बागायतदारांनी बरीच बसवलीत. नदीला त्याचा त्रास नगण्य. गावाची गरज यातून भागत नाही, पण डोंगरातल्या एकट्या धनगरवाड्याला पावसाळ्यात खांब पडल्यावर दिवा लागतो, ही काही छोटी गोष्ट नाही.

मग काय निवडायचं?

बहुतेक गावांसाठी माझं उत्तर जोडीचं आहे: छपरांवर सौर, आणि नदी अनुकूल असेल तर जून ते डिसेंबर चालणारा, तीन मीटरच्या आतला वळवणीचा बंधारा. पावसात सौर मंदावते तेव्हा पऱ्या भरून वाहतो. पऱ्या आटतो तेव्हा ऊन असतं. घरगुती सौर यंत्रणेला पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. नदीत पुरेशी उंची मिळत नसेल, किंवा वरच्या अंगाला राखलेली कोंड असेल, तर बंधाराही सोडा आणि नुसती सौर घ्या.

साठवण धरणाला मी हो म्हणेन ते एकाच परिस्थितीत: गावाची मूळ गरज पिण्याचं पाणी असेल, साठा त्याच हिशेबाने ठरवला असेल, आणि वीज ही वरकड मिळकत असेल.

एक कायदेशीर बाब लक्षात ठेवा. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार २५ मेगावॉटच्या आतल्या जलविद्युत प्रकल्पाला पूर्व पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे तिच्यासोबत येणारी जनसुनावणीही होत नाही. वनजमीन लागली तर वनखात्याची परवानगी लागते, ती वेगळी. म्हणजे तुमच्या नदीची छाननी बऱ्याचदा फक्त तुमच्या ग्रामसभेतच होणार. ठराव करण्याआधी एका सबंध वर्षाचं, महिनावार मोजलेलं पाणी मागा. पावसाळ्यातलं एकच मोजमाप दाखवून पूर्ण वर्षाची वीज सांगणारा अहवाल स्वीकारू नका. खाडीपर्यंतच्या सगळ्या ग्रामपंचायतींना त्या सभेचं लेखी निमंत्रण द्या. आणि नळाच्या तोंडाशी पाणी कधी बंद करायचं ती पातळी बंधाऱ्यावर रंगाने आखून, तिचा आकडा ठरावात लिहून घ्या, म्हणजे मार्चमध्ये कोणालाही जाऊन ती बघता येईल.