घरचा सर्व्हर बाहेरून: पोर्ट फॉरवर्डिंग की टेलस्केल?

सर्व्हर इंदूरला रामबागेतल्या घरी आणि नोकरी पुण्यात, तर सर्व्हरपर्यंत पोचायच्या वाटा दोन: पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे पाठवायला राउटरला सांगणं, किंवा टेलस्केल, म्हणजे तुमची उपकरणं खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप. आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम कितीही लिहा, बाहेरून कुणी आत येणार नाही. फायबरवाल्याच्या डब्यामागे स्वतःचा राउटर असेल तर नियम दोन्हीकडे लिहा, नाहीतर पहिला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून जोडणी नुसती पुढे देईल.

खरा पब्लिक आयपी असेल तर फॉरवर्डिंग झकास: मध्ये तिसरा कुणी नाही. फक्त २२ नंबरचं पोर्ट (दुरून लॉगिन करायचं, एसएसएचचं) उघडलंत की लॉगमध्ये ‘रूट’ (मुख्य ॲडमिन) नावाने दार ठोठावणाऱ्यांची रांग लागते. उघडायचंच तर एकटं वायरगार्ड या व्हीपीएनचं (कूटबद्ध खासगी जोडणीचं), यूडीपी ५१८२०.

टेलस्केलही आत वायरगार्डच वापरतं, पण जोडणी घरातून बाहेर जाते, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. थेट वाट सापडली नाही तर डेटा त्यांच्या रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) फिरतो आणि सिनेमा अडखळतो. खातंही त्यांच्याकडे काढावं लागतं. तरी आईला फोनवरून राउटरचा पासवर्ड विचारत बसण्यापेक्षा मी हेच घेईन. अख्ख्या गोतावळ्याला फोटो दाखवायचे असतील तर मात्र प्रत्येक काकांच्या मोबाइलवर ॲप कोण बसवणार?